केपवरचा फाटा : आफ्रिकेच्या टोकाला युरोपी वस्ती लवकर झाली असती तर, हे लिहायला बसताना

मराठी घरात जर-तरचा इतिहास कुणाला शिकवावा लागत नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झालं असतं, यावर ताकाची वाटी हातात तशीच धरून तासभर बोलणारे एक काका प्रत्येक पंगतीत असतात. पण हीच हौस परक्या मुलखावर करायला गेलं की हात बांधल्यासारखे होतात. तिथला वारा माहीत नसतो, पाऊस कधी पडतो ते माहीत नसतं, आधी तिथे कोण राहत होतं तेही माहीत नसतं. मग आपण सरळ तारीख मागे ओढतो आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवतो.

माझा पहिला प्रयत्न असाच होता. १५०० साली पोर्तुगीज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, उतरतात आणि १५५० पर्यंत तिथे वीस हजार वस्तीचं शहर, द्राक्षमळे, चर्च, सगळं थाटात उभं. बंदर मी नकाशा बघून साल्दान्या बे या उपसागरात ठेवलं होतं. आत शिरलेलं, सगळीकडून झाकलेलं, दृष्ट लागावी असं बंदर. ओळखीच्या एका तांडेलकाकांना हौसेने वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पाणी कुठलं भरतात रे हे?" मी घरी येऊन शोधलं. साल्दान्या बे बंदर म्हणून उत्तम, पण तिथे गोडं पाणी नाही. म्हणून तर सगळी जहाजं दक्षिणेच्या उघड्यावाघड्या टेबल बेला (आज केप टाउन आहे तिथे) जायची. तिथे डोंगरावरून ओढा उतरतो. माझं वीस हजारांचं शहर एका प्रश्नात तहानेने मेलं.

तेव्हापासून मी नवीन माणसाला एकच गोष्ट सांगतो. तारीख मागे ओढायची असेल तर आधी कारण मागे ओढा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १ : घडलेलं आधी पाठ करा

बार्तोलोमेउ दियश १४८८ च्या सुरुवातीला टोकाला वळसा घालून गेला आणि ३ फेब्रुवारीला आजच्या मोसेल बेला पोचला. किनाऱ्यावर गुरं चारणारे खोईखोई लोक होते. पोर्तुगीज झऱ्यावर पाणी भरायला लागले तेव्हा वरून दगड आले, आणि दियशच्या बाणाने एक माणूस गेला. म्हणजे पहिलं भांडण पाण्यावरून. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

वास्को द गामा १४९७ च्या नोव्हेंबरात आला. सेंट हेलेना बेला चकमक झाली, त्याच्या पायाला जखम झाली. मोसेल बेला मात्र लोकांनी पावे वाजवले, नाचले, गामाची माणसंही होडीत नाचली. तीन कडी देऊन एक काळा बैल मिळाला. पुढे पाण्यावरून पुन्हा बिनसलं, आणि जहाजं निघत असतानाच पोर्तुगिजांनी उभा केलेला दगडी खांब आणि क्रूस किनाऱ्यावरच्या लोकांनी पाडून टाकला. १५०३ मध्ये आंतोनियो द साल्दान्या टेबल माउंटनवर चढला. पुढे १५१० ची घटना आहे, ती सविस्तर येईल. १५९१ मध्ये इंग्रज लँकेस्टर टेबल बेला आला, १५९५ मध्ये डच हाउटमन मोसेल बेला. १६२० मध्ये दोन इंग्रज कप्तानांनी टेबल बेवर राजा जेम्सच्या नावाने निशाण लावलं आणि राजाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. १६४७ मध्ये 'न्यूव हार्लेम' हे डच जहाज तिथे वाळूत रुतलं, साठेक माणसं वर्षभर किनाऱ्यावर राहिली आणि परत जाऊन जागा चांगली असल्याचं सांगू लागली. ६ एप्रिल १६५२ ला यान फान रीबेक वस्ती करायला उतरला.

१४८८ ते १६५२. एकशे चौसष्ट वर्षं जहाजं येत राहिली, पाणी भरत राहिली, गुरं घेत राहिली. घर कुणी बांधलं नाही.

पायरी २ : घर का बांधलं नाही, ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. नवशिके ही पायरी गाळतात, आणि वाचकाला ते तिसऱ्या पानावर कळतं.

पहिलं कारण वाऱ्याचं. कोकणातल्या माणसाला हे चटकन समजेल. नारळी पौर्णिमेच्या आधी आपल्या होड्या समुद्रात जात नाहीत. पोर्तुगिजांचं अख्खं वेळापत्रक याच पावसाला बांधलेलं होतं. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघायचं, म्हणजे दर्या उघडल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्याला पोचता येतं. या हिशोबाने आफ्रिकेचं टोक येतं जून-जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात. त्या दिवसांत टेबल बेवर वायव्येकडून वादळं आदळतात आणि नांगरलेली जहाजं किनाऱ्यावर येऊन फुटतात. त्यामुळे जाताना पोर्तुगीज जहाजं अटलांटिकमध्ये लांब वळसा घेऊन, कित्येकदा केप न बघताच, पुढे निघून जायची आणि मोझांबिक बेटावर टेकायची. ते बेट १५०७ पासून त्यांच्या हातात होतं. त्याच्या दक्षिणेला सोफाळ्याला १५०५ पासून गढी होती, कारण तिथे आतल्या मुलखातलं सोनं येत होतं. परतीच्या वाटेवर विसाव्याला १५०२ मध्ये सापडलेलं, अटलांटिकमधलं सेंट हेलेना बेट होतं; गामाची चकमक झाली तो सेंट हेलेना बे वेगळा. (या बेटाचा पहिला रहिवासी गोव्यातून गेला होता. फेर्नांव लोपिश नावाचा शिपाई आदिलशाहीला जाऊन मिळाला, १५१२ मध्ये बाणस्तारीला पकडला गेला आणि पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने त्याचे नाक-कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा छाटले. तो पुढे तीसेक वर्षं त्या बेटावर एकटा राहिला. यावर स्वतंत्र कादंबरी व्हावी.)

म्हणजे जाताना एक विसावा, येताना दुसरा, आणि सोनं तिसरीकडे. मग केपला होतं काय? गोडं पाणी, गुरं आणि वारा.

डचांचं गणित वेगळं होतं. १६११ मध्ये हेंड्रिक ब्राउवरने दाखवून दिलं की केपवरून सरळ पूर्वेकडे जोरदार पश्चिमी वाऱ्यांत शिरलं आणि मग जावाकडे वळलं, तर महिनेच्या महिने वाचतात. डच ईस्ट इंडिया कंपनीने हा मार्ग पुढे सक्तीचा केला. झालं, केप त्यांच्या रस्त्यावरच आला. पोर्तुगिजांसाठी जे आडगाव होतं, ते डचांसाठी हमरस्त्यावरचा थांबा झालं. फान रीबेकच्या आधी ब्राउवर येतो, हे विसरलात तर तुमचा सगळा पर्यायी इतिहास हवेत.

दुसरं कारण १ मार्च १५१० चं, आणि त्याचा धागा आपल्या किनाऱ्यापासून सुरू होतो.

फ्रांसिश्कु द अल्मेइदा हा पोर्तुगिजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय. १५०८ मध्ये चौलच्या लढाईत त्याचा मुलगा लोरेन्सू मारला गेला. डिसेंबरात बाप दाभोळवर उतरला आणि वाशिष्ठीच्या मुखावरचं ते गजबजलेलं बंदर त्याने बायकामुलांसकट कापून काढलं, जाळलं. ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवला त्याने आरमारी लढाई जिंकली. मग अधिकार अल्बुकर्कच्या हाती देऊन तो मायदेशी निघाला आणि पाणी भरायला टेबल बेला थांबला.

किनाऱ्यावरच्या खोईखोईंशी गुरांची देवघेव सुरू झाली. कुठेतरी कुरबूर झाली, काही खलाशी मार खाऊन परतले. जहाजावर चर्चा अशी की या लोकांना धडा शिकवायला हवा. दीडशेच्या आसपास माणसं पहाटे वस्तीवर चालून गेली, गुरं हाकली, पोरं पकडली. परतताना पायाखाली मऊ वाळू. मागून खोईखोई आले. त्यांनी आपल्या बैलांना शिट्ट्या आणि हाका दिल्या, बैल त्या आवाजावर वळत होते, आणि त्या चालत्या भिंतीआडून भाले, दगड येत होते. पोर्तुगीज होड्यांकडे धावले, तर वारा वाढल्यामुळे होड्या पाणी भरण्याच्या जागेकडे नेलेल्या. साठाहून जास्त माणसं त्या वाळूत पडली, त्यांत बरेच कप्तान. अल्मेइदाच्या गळ्यात भाला घुसला. दाभोळ जाळणारा माणूस गुराख्यांच्या हातून मेला, आणि योगायोग असा की त्याच सुमारास अल्बुकर्क पहिल्यांदा गोव्यात शिरत होता.

यानंतर पोर्तुगिजांनी केपचं नाव टाकल्यासारखंच केलं. पण हे कारण वाऱ्याच्या कारणाला पूरक आहे, त्याची जागा घेणारं नाही. पायरी ३ मध्ये याचा उपयोग आहे.

पायरी ३ : फाटा निवडा

एसटी जिथे हमरस्ता सोडून गावाकडे वळते, तो फाटा. पर्यायी इतिहासातही तसंच. फाट्यापर्यंत सगळं खरं, फाट्यानंतर तुमचं. फाटा एकच असावा आणि जमेल तितका लहान असावा. दोन फाटे घेतलेत की वाचक तिकीट परत मागतो.

सगळ्यात मोहात पाडणारा फाटा १५१० चा : अल्मेइदा वाचला असता तर. मी तो घेऊ नका म्हणतो. वाचला असता तर तो पाणी भरून लिस्बनला गेला असता, बस. वसायचं कारण त्याच्या मरणाने निर्माण झालं नाही आणि वाचण्यानेही झालं नसतं.

१६२० चा फाटा नवशिक्यासाठी उत्तम. शिलिंज आणि फिट्झहर्बर्ट या कप्तानांनी निशाण खरंच लावलं होतं, टेकडीला राजाचं नावही दिलं होतं. इंग्रज कंपनीची वखार सुरतेला १६१३ पासून होती, म्हणजे रोजची ये-जा होती. जेम्सने फक्त 'हो' म्हणायचं. मात्र पुढे १६४२ ला इंग्लंडात यादवी सुरू होते हे विसरू नका. घरचेच एकमेकांवर तोफा डागत असताना केपच्या छावणीला दारूगोळा कोण पाठवणार?

मी स्वतः मात्र १५७१ च्या प्रेमात आहे. त्या वर्षी पोर्तुगालच्या राजा सेबास्तियांवने पाउलु दियश द नोवाइश या सरदाराला अंगोलाच्या किनाऱ्यावर वसाहतीची सनद दिली. हा पाउलु म्हणजे बार्तोलोमेउ दियशचा नातू. १५७५ मध्ये तो सुमारे शंभर कुटुंबं आणि चारशे सैनिक घेऊन पोचला आणि लुआंडा वसवलं. माणसं आहेत, सनद आहे, घराणं आहे. आता फक्त सनदेतली जागा बदला : नातवाला आजोबांनी वळसा घातलेलं टोक मिळालं.

कारण काय द्यायचं? इथे खऱ्या इतिहासातून दोन धागे उचला. एक, परतीच्या जहाजांचा नाश. काळी मिरी ठासून भरलेली, किडलेल्या फळ्यांची जहाजं आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर फुटत होती. १५५२ मध्ये कोचीहून निघालेलं 'सांव जुआंव' असंच त्या बाजूच्या नाताळ नावाच्या मुलखाच्या किनाऱ्यावर फुटलं. पाचशेच्या आसपास माणसं किनाऱ्यावर आली, उत्तरेकडे चालत निघाली आणि मोझांबिकला पोचली पंचवीसएक. दोन वर्षांनी 'सांव बेंतु'ची तीच गत. परतीची जहाजं केपला येतात मार्च-एप्रिलच्या सुमारास, तेव्हा टेबल बे बऱ्यापैकी शांत असतो. एखाद्या दरबाऱ्याने राजाला पटवलं की तिथे डागडुजीचं बंदर हवं, तर ते अगदीच अशक्य नाही. दुसरा धागा लोभाचा. अंगोलात चांदीच्या खाणी असल्याच्या अफवेने कितीतरी माणसं ओढली गेली. केपच्या खोईखोईंजवळ तांब्याचे दागिने होते आणि उत्तरेला नामाक्वालँडमध्ये तांबं खरोखरच आहे. तांब्याची अफवा उठवायला तुम्हाला काही खोटं लिहावंसुद्धा लागत नाही.

पायरी ४ : माणसं मोजा

सोळाव्या शतकातल्या पोर्तुगालची लोकसंख्या दहा-बारा लाखांच्या घरात. त्यातून ब्राझील, गोवा, मलाक्का, मोरोक्को, अंगोला सगळीकडे माणसं पुरवायची. म्हणून हजारोंनी वसाहतकरी लिहू नका. शेकड्यांत राहा. फान रीबेकसुद्धा शंभराच्या आतच माणसं घेऊन उतरला होता, आणि १६५७ मध्ये पहिल्यांदा जमीन देऊन मोकळे केलेले शेतकरी होते फक्त नऊ.

कोण येईल? हद्दपारीचे कैदी, हे नक्की. पोर्तुगीज त्यांना सर्रास जहाजावर घालायचे. इंग्रजांनीही १६१५ मध्ये न्यूगेट तुरुंगातले दहा कैदी केपला सोडले होते. ते बिचारे घाबरून रॉबेन बेटावर जाऊन बसले. शिवाय बळजबरीने ख्रिस्ती झालेले ज्यू, ज्यांना लिस्बनमध्ये श्वास घेणं कठीण झालं होतं. आणि गोव्याची माणसं. ही मंडळी विसरू नका, कारण मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा. केप पोर्तुगीज असता तर त्याचीही फाइल पणजी-जुन्या गोव्यातच धूळ खात पडली असती. झांबेझी नदीकाठच्या 'प्राझु' नावाच्या जमीनदाऱ्यांत पुढे कितीतरी गोवेकर घराणी शिरली. आपल्या वसई-साष्टीकडेही पोर्तुगिजांनी अशाच पट्ट्याने जमिनी वाटल्या होत्या. तोच कागद केपला लावा, काम सोपं होतं.

आणि बायका? अल्बुकर्कने गोव्यात आपल्या शिपायांची लग्नं स्थानिक बायकांशी लावली. केपलाही तसंच काही होईल, आणि गुलामांचा व्यापारही होईल. हे गोड करून लिहू नका. डच केपला बंगाल, मलबार, कोरोमंडलमधून पकडून नेलेली माणसं होती, त्यांच्या नावापुढे 'फान बेंगालन', 'फान मलबार' असं लागायचं. पोर्तुगीज केपला मोझांबिकची माणसं जास्त असतील, एवढाच फरक.

पायरी ५ : किनारा रिकामा नव्हता

बहुतेक गोष्टी इथे फसतात. लेखक खोईखोईंना एका वाक्यात उरकतो आणि तटबंदीचं वर्णन चार पानं करतो.

खोईखोई गुराखी होते. लांब शिंगांची गुरं, जाड शेपटीच्या मेंढ्या. त्यांचा एक राजा नव्हता. गोरिंगहाइक्वा, कोचोक्वा असे वेगवेगळे गट होते आणि त्यांचं आपसातही पटत नसे. ऋतूप्रमाणे ते कुरणं बदलायचे. आपले धनगर पाऊस पाहून वाडा हलवतात, तसे. म्हणून उतरलेल्या माणसाला आज जी जागा मोकळी दिसते, ती चार महिन्यांनी कुणाचं तरी कुरण असते. वाद इथेच पेटतो. डचांनी लीसबीक नदीकाठी शेतं दिली, गुरांचा पाण्यावर जायचा रस्ता बंद झाला आणि १६५९ मध्ये लढाई झाली. डोमान नावाचा खोईखोई दुभाषा जावावरच्या बाताव्हियाला (आजचं जकार्ता) जाऊन आलेला होता, डचांची बंदूक त्याने जवळून पाहिली होती. तो हल्ल्यासाठी पावसाचा दिवस निवडायचा. वात भिजली की बंदूक उडत नाही. पुढच्या वर्षी तहाच्या बोलण्यात खोईखोईंनी विचारलं की आम्ही हॉलंडला येऊन असंच केलं असतं तर तुम्ही चालू दिलं असतं का. हा प्रश्न फान रीबेकने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवला आहे. नंतर त्याने वस्तीभोवती कडू बदामाचं कुंपण लावलं, त्यातली झाडं किर्स्टनबॉशच्या बागेत आजही आहेत.

तुमच्या गोष्टीत एक तरी खोईखोई पात्र असं हवं जे परक्यांचा हिशोब शिकतं. नमुना खऱ्या इतिहासात आहे. १६१३ मध्ये इंग्रजांनी कोरी नावाच्या प्रमुखाला जहाजावर घालून लंडनला नेलं. त्याला पितळेचं चिलखत दिलं, चांगलं खाऊपिऊ घातलं, आणि तो मात्र घरी जायचं म्हणून रडत बसला. पुढच्या वर्षी परत आणून सोडला. इंग्रजांची कल्पना होती की आता हा आपला माणूस झाला. पण कोरी लंडनच्या बाजारात पितळ किती मामुली किमतीला मिळतं ते पाहून आला होता. त्याने गुरांचा भाव चढवला.

१५७५ साली उतरणाऱ्या माणसांच्या बंदुका १६५९ पेक्षा बऱ्या नव्हत्या, तेव्हा तुमचे पोर्तुगीज सहज जिंकतायत असं लिहू नका. माझ्या मते पहिली वीस वर्षं खोईखोईंचंच चालेल. गुरं कुणाला आणि कधी विकायची हे ते ठरवतील. दगडी तटाच्या आत उपाशी बसलेला कप्तान, ही खरी गोष्ट.

पायरी ६ : पाऊस बघा

थोडक्यात. केपच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पाऊस हिवाळ्यात पडतो. ज्वारी-बाजरीला उन्हाळी पाऊस लागतो, म्हणून पूर्वेकडचे खोसा शेतकरी या कोपऱ्यात शेती घेऊन आले नाहीत. गहू, द्राक्ष, ऑलिव्ह मात्र अशाच हवेत वाढतात, आणि पोर्तुगीज माणसाला नेमकं तेच पिकवता येतं. डचांची पहिली वाइन २ फेब्रुवारी १६५९ ला निघाली; पोर्तुगीज चार-पाच वर्षांतच काढतील. फेब्रुवारीत द्राक्षं पिकतात, कारण तिकडे ऋतू उलटे. नाताळाच्या दिवशी पात्रांना शेकोटीपाशी बसवू नका, हसं होतं. आणि ब्राझीलमधून मका आणलात तर तो केपला रुजण्याआधी पूर्वेकडे खोसांच्या शेतात रुजेल. तिथली वस्ती वाढेल, आणि खऱ्या इतिहासात १७७९ मध्ये सुरू झालेल्या सीमेवरच्या लढाया तुमच्याकडे वेगळ्याच तोलाच्या होतील.

पायरी ७ : वीस-वीस वर्षांनी पुढे सरका

फाट्यापासून एकदम आजच्या दिवसावर उडी मारायची नाही. दर वीस वर्षांनी थांबून तीनच गोष्टी लिहा : किती माणसं, कुणाचं राज्य, गुरं कुणाकडे.

माझ्या फाट्यावर, १५७५ ला वस्ती उतरल्यावर पाचच वर्षांनी मोठा धक्का येतो. १५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट स्पेनकडे गेला आणि स्पेनचे शत्रू डच हे पोर्तुगिजांचेही शत्रू झाले. १६०७ आणि १६०८ मध्ये डचांनी मोझांबिक बेटाला वेढा घातला आणि दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. मग केपही तगेल का? नवीन लेखक 'हो' म्हणतात. मला वाटतं, नाही तगणार. मोझांबिकला किल्ला भक्कम होता, शिवाय तापाने वेढा घालणारेच आजारी पडायचे. केपला ताप नाही. हवा निरोगी, पाणी गोड, गुरं शेजारी; वेढा घालणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीची जागा कुठली? आणि खोईखोई मदतीला आले तर प्रश्नच मिटला. १६४१ ला मलाक्का, १६६३ ला कोची डचांनी घेतलं, तसं केपही त्याआधीच कधीतरी जाईल.

म्हणजे इतकं सगळं करून केप डचांकडेच जातं? हो, पण आता ती रिकामी डच छावणी नाही. खाली पन्नास वर्षांची पोर्तुगीज बोलणारी, कॅथलिक, मिश्र रक्ताची वस्ती आहे. त्यांचं काय होतं, हे लिहिताना मला खरी मजा आली. १७१३ मध्ये जहाजावरच्या कपड्यांतून आलेल्या देवीच्या साथीने खोईखोईंची दाणादाण उडाली. तुमच्या गोष्टीत ही साथ कधी येते? लवकर आली तर पायरी ५ मधला तोल मोडेल. हे टाळू नका.

पायरी ८ : नावं आणि भाषा

'केप टाउन' हे नाव वापरायचं नाही, जवळच्या स्टेलेनबॉश गावाचं तर नाहीच; ते डच गव्हर्नर सिमोन फान डेर स्टेलच्या नावावरून आलं. पोर्तुगीज टेबल बेला 'आग्वादा द साल्दान्या' म्हणायचे. आग्वादा म्हणजे पाणी भरण्याची जागा, आपल्या गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याचं नाव तेच.

भाषेसाठी कुठे लांब जायला नको. रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला जा. तिथे किल्ल्याच्या पायथ्याशी एक छोटी ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरात बोलते. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले, भाषा राहिली. केपलाही खऱ्या इतिहासात गुलामांच्या तोंडी पोर्तुगीजची एक मोडकी बोली होतीच. तुमच्या केपला तीच घराघरांत असेल, वर डच शब्दांची फोडणी आणि मधे खोईखोईंचे जिभेने 'टक्' करून काढलेले आवाज. तटबंदी, चर्चच्या कमानी डोळ्यांसमोर आणायच्या असतील तर वसईच्या किल्ल्यात अर्धा दिवस घालवा. चिमाजी अप्पांसाठी गेलात तरी एकदा दगड पोर्तुगिजांच्या नजरेनेही बघा.

पायरी ९ : लिहायला घ्या

वाचन अमाप आहे, ते कधी संपत नाही. जहाजांच्या रोजनिश्या आणि जहाज फुटून वाचलेल्यांच्या हकिकती आधी वाचा, पण हे सगळं एकाच बाजूने लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून. खोईखोईंची बाजू त्या कागदांत ओळींच्या मधूनच काढावी लागते. मग राजा-दरबार सोडा आणि एखाद्या क्षुल्लक दिवसापासून सुरुवात करा. माझ्या मसुद्याची सुरुवात आता अशी आहे :

१५७९, जून. आग्वादा. चौथ्या दिवशीही वायव्येचा वारा थांबला नाही. गढीच्या कोठारात गव्हाची अडीच पोती राहिली आहेत, त्यातलं एक भिजलेलं. गोव्याहून आलेला भटारी म्हणतो की ताडी नाही तर पीठ फुगणार कसं, आणि तो रोज हेच म्हणतो. दुपारी ओढ्यापलीकडे ती मुलगी आली, गेल्या साली दुभाष्याचं काम करायची ती. सोबत दोन म्हातारे आणि एक गाय. कप्तानाने तांब्याच्या सहा कड्या पुढे केल्या. तिने एक उचलली, दातांत धरून बघितली, खाली ठेवली. मग तिने गढीच्या तटाकडे बोट केलं आणि विचारलं की या दगडांखाली आमच्या गुरांची वाट आहे, तिची किंमत या सहा कड्यांत धरली आहे का वेगळी द्यायची आहे. कप्तानाने माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं नाही. पाऊस पुन्हा सुरू झाला होता आणि तटावरच्या शिपायाने आपली बंदूक सदऱ्याखाली झाकून घेतली.